पेन्शन पन्नास, दवाखाना पन्नास

निवडणुकीच्या दिवसांत आमच्या राजारामपुरीतल्या व्हरांड्यात कपबशा साठायच्या, तसे किस्सेही. नव्या सुनेनं फार बोलायचं नसतं, त्यामुळे तिला ऐकायला भरपूर येतं! मी चहा घेऊन बाहेर जायची आणि आत येताना काहीतरी घेऊन यायची.

बैठक तिघांची, तिघेही एकाच हायस्कुलातून रिटायर झालेले. माझे सासरे, म्हणजे मामंजी, हेडमास्तर. पाटील सर इतिहासाचे आणि मुल्ला सर ड्रॉइंगचे. मुल्ला सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण आमच्या इथल्या म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात डोळ्यांचा डॉक्टरच नाही. मिरजेला जाऊन राहावं तर घरी बायको अंथरुणाला खिळलेली. तिला कुणावर टाकून जायचं?

म्हणून तिघांनी ठरवलं, यंदा मत तपासून द्यायचं. जो पेन्शन वेळेवर देईल आणि डोळ्यांचा डॉक्टर आणील, त्याला!

"मत म्हणजे काय पेढा हाय व्हय, येईल त्याच्या हातावर ठेवायला?" मामंजी म्हणाले.

*

मास्तरांचं तपासणं म्हणजे परीक्षाच. उमेदवाराची तोंडी घ्यायची. पेन्शन पन्नास मार्क, दवाखाना पन्नास. पस्तीसला पास.

पहिला आला तो पैलवान. खुर्ची त्याला पुरेना, म्हणून पायरीवर बसला. मामंजींनी दवाखान्याचा प्रश्न टाकला.

"सर, सकाळी उठून लिटरभर म्हशीचं दूध प्यायचं. दवाखाना लागतोय कशाला?"

मुल्ला सरांनी शांतपणे विचारलं, "प्यायचं, का डोळ्यात घालायचं?"

*

दुसरे वकील. पेन्शनचं विचारल्यावर म्हणाले, "ते मुंबईच्या हातात."

"मग मुंबईलाच धाडतोय न्हवं तुम्हाला?" पाटील सर.

"व्हय, पण वरची मंजुरी दिल्लीची."

"आणि दवाखाना?"

"तो इथल्या म्युनिसिपालटीचा."

"मग वकीलसाहेब, तुमच्या हातात हाय तरी काय?"

वकिलांनी प्रामाणिकपणे खाली बघितलं. "सध्या तुमचा चहा!"

*

तिसरा मामंजींचाच जुना विद्यार्थी. आला तो थेट पायांवरच पडला. पेन्शन वाढवतो, दवाखाना वाढवतो, प्रत्येक अवयवाला एक डॉक्टर आणतो! पाटील सर खूश झाले. मामंजींचा चेहरा मात्र पडलेला.

तो गेल्यावर म्हणाले, "सहामाहीलाबी ह्यानं एक प्रश्न सोडला न्हवता. पुरवण्या जोडलेल्या. बरोबर एकबी न्हवतं."

*

मग ह्या तोंडी परीक्षेच्या निकालाचा दिवस. मी भाजी निवडत दाराशी बसले होते. मामंजींनी मार्क वाचले. तिघेही नापास!

 मग पाटील सर हळूच म्हणाले, "पैलवान काठावर हाय. थोडं ग्रेस देऊया की."

"कशाला?"

"अवं, पडलं तर पोराचं वर्ष वाया जाईल!"

पैलवानाला दिले, मग वकिलाला न देणं अन्याय. वकिलाला दिले, मग आपल्या विद्यार्थ्यानं काय घोडं मारलंय? सगळा जन्म याच हिशेबात गेलेला! शेवटी तिघेही उमेदवार पस्तीस मार्कांवर पास झाले, आणि तिघे परीक्षक एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले.

"आता मत कुणाला?" मुल्ला सरांनी विचारलं.

जेवताना मी ह्यांना विचारलं, "आपण कुणाला द्यायचं?"

"मी देईन त्याला दे."

"तुम्ही कुणाला देणार?"

"बाबांनी अजून कुठं सांगितलंय!"

*

मतदानाचा दिवस. ज्याला दिसत नाही त्याला आत एक सोबती नेता येतो. मुल्ला सरांनी मामंजींना नको म्हटलं, पाटील सरांनाही. "ही दोघं आत पण वाद घालतील. सूनबाई, चल तू."

मत कुणाला सांगणार नाही, असं अधिकाऱ्यानं माझ्याकडून लिहून घेतलं. आम्ही पुठ्ठ्याच्या आडोशाला गेलो. सर हळू आवाजात म्हणाले, "पोरी, चहा देताना सगळ्यांचं ऐकलंस. माझ्या डोळ्यांचं कुणी आपणहून विचारलं का गं? त्याच्यावर मार."

मी एकेकाला आठवून बघितलं. पुन्हा आठवून बघितलं.

"कुणीच न्हाय, सर."

 बाहेरून कुणीतरी "आटपा की!" म्हणून ओरडलं.

"आण तो शिक्का इकडं."

त्यांनी बोटांनी कागदाच्या कडा चाचपल्या. ब्रश धरावा तसा शिक्का धरला आणि टेकवला. कुठं टेकवला, ते मी बघितलं.

घरी व्हरांड्यात दोघं वाटच बघत होते. "काय मुल्ला, शेवटी कुणाला दिलंस?"

"मला कुठं दिसतंय? सूनबाईला विचार."

दोघेही माझ्याकडे वळले. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच ही मंडळी माझ्या बोलण्यासाठी थांबली होती.

मी पदर सावरला.

"चहा टाकू?"