सुभेदारांची मिशी आणि हवेची पाटी

ग्रामपंचायतीच्या गच्चीवर हवा मोजायचं यंत्र बसलं आणि आमच्या गावाला दुसरं काही सुचेना. यंत्र म्हणजे मधमाश्यांच्या पेटीएवढी एक पांढरी पेटी. तिची तार खाली येऊन दर्शनी भिंतीवरच्या दिव्यांच्या पाटीत शिरलेली. हवा चांगली असली की पाटी हिरवी, मग पिवळी, मग नारिंगी, आणि हवा बिघडली की लालभडक.

आमचं गाव कुंडलच्या शिवेला लागून, चहूकडे ऊस. माझं पंप दुरुस्तीचं दुकान पंचायतीच्या अगदी समोर आहे, त्यामुळे मला हा खेळ फुकटात बघायला मिळाला. एकानं शिडीवर चढून पेटीच्या तोंडाशी विडी ओढली. दुसऱ्यानं बुलेट उभी करून नुसतीच रेस केली. एक म्हातारी मला गंभीरपणे विचारून गेली, "आवं, शेजारणीनं मिरची भाजली तर हिला कळंल का?" खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही पडलाच होता.

यंत्राचं कारण मात्र पाचट. आमच्याकडे ऊस तुटून गेला की रानात वाळका पाला गुडघाभर उरतो. सरीत पाणी पुढे जात नाही म्हणून लोक काडी लावून मोकळे होतात. मग दुपारभर काळ्या चिंध्या उडत येतात आणि वाळत घातलेल्या धोतरांवर अलगद बसतात.

आमचे सरपंच म्हणजे फौजेतून आलेले सुभेदार. भर ग्रामसभेत ते उठले. "औंदा गावात पाचट पेटणार न्हाई. पंचायतीनं कुट्टीचं यंत्र आणलंय, पाळीपाळीनं न्या, पाला बारीक करून रानातच कुजवा. अन् पेटलंच, तर ही मिशी उतरवीन!"

त्या मिशीची टोकं कानशिलाकडे अशी निघालेली असत, की समोरून येणाऱ्यानं आपोआप रस्त्याची कड धरावी. मागून अप्पा बोलले. गावात सगळ्यांत जास्त ऊस अप्पांचा, आणि दरसाल पहिली काडीही त्यांचीच.

"सुभेदार, मिशीचा इमा काढलाय न्हवं?"

सगळे हसले, पण मला हसू आलं नाही. सुभेदारांचं आणि माझं घर एकाच भिंतीला. पाचट पेटायच्या दिवसांत त्यांच्या घरच्या वहिनींना धाप लागते. दारं-खिडक्या लावून, नाकाला पदर धरून त्या बसून असतात. हे सुभेदार सभेत कधीच बोलले नसते. त्यापेक्षा मिशी पणाला लावणं त्यांना सोपं वाटलं.

कुस्तीच्या मैदानात माईक धरायची मला सवय, म्हणून रोज संध्याकाळी हवेचा रंग सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी काय सोडतोय! "मंडळी, आज हवा हिरव्या लांगेत आखाड्यात उतरली आहे! धूळ खाली, हवा वर!" लोक शिट्ट्या मारायचे. अप्पासुद्धा चौकात येऊन विचारायला लागले, "काय म्हणती रं आज हवा?"

आणि एके दिवशी भर दुपारी पाटी नारिंगी झाली. बघता बघता लाल! त्यातून दुसऱ्या दिवशी तालुक्याचे साहेब यंत्र बघायला येणार होते. सुभेदार धावत आले आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. "चल गड्या, कुणाचं रान पेटलंय बघू."

पाणंदीपाणंदीनं हिंडलो. जो तो हात दुसरीकडे दाखवी. "आमच्यात न्हाई, त्या अंगाला बघा." त्या अंगाला गेलो तर तिथला गडी पहिल्याकडेच बोट करायचा. धूर कुठंच नाही. शेवटी कालव्याच्या भरावावर चढून मागं वळून पाहिलं. धूर गावाच्या मधोमध, पंचायतीच्या मागून, सरळ गच्चीतल्या पेटीत चालला होता.

तिथं पंचायतीचा शिपाई झाडू टेकवून मोठ्या समाधानानं उभा होता. समोर ढीग धुमसत होता.

"काय केलंस रं हे?" सुभेदार ओरडले.

"आवं, तुमीच म्हणला न्हवं का, सायेब यायच्या आधी आवार आरशागत पायजे? झाडलं, गोळा केलं, लावली काडी. कुणी सायेब यायचं म्हणलं की तसंच करतुय की."

खरंच होतं. आमच्याकडे केर काढून झाला की काडी लागल्याशिवाय साफसफाई पुरी झाल्यासारखी वाटतच नाही. तोवर गाव जमलं होतं. अप्पांनी काठीनं ढीग उकरला आणि एक लांब, अर्धवट जळालेलं पान वर उचललं. रस्त्यानं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांतून ते रोजच सांडतं.

"हे कशाचं ओ सुभेदार? आंब्याचं तर वाटत न्हाई."

सुभेदारांची माणसं तावातावानं पुढे आली. रानातलं मोजायचं, आवारातलं मोजायचं नाही, असा वाद रंगला. मी माईक शोधायला निघालो होतो. सुभेदारांनी हात वर केला. "गावात पेटणार न्हाई म्हणलो हुतो. पंचायत गावातच हाय." आणि ते सरळ न्हाव्याच्या दुकानात शिरले. न्हाव्याचा हात उठेना; शेवटी सुभेदारांनी फौजी आवाजात हुकूम सोडला, तेव्हा वस्तरा चालला.

मिशीखाली इतकी वर्षं एवढी गोरी जागा होती, याचं मला भारी नवल वाटलं.

मी घरापर्यंत सोबत गेलो. वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. वर न बघताच त्यांनी विचारलं, "कोण पायजे?" मग वर पाहिलं. सूप तसंच मांडीवर राहिलं आणि त्या जे हसत सुटल्या! लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी हा चेहरा असा बघितलाच नव्हता.

साहेब येऊन गेले. त्यांना मिशीतला फरक कळायचं कारण नव्हतं. पण अप्पांना रात्रभर चैन पडलं नसावं. चौकात येऊन ते म्हणाले, "आपल्या केरापायी माणसानं मिशी घालवली. ती परत येस्तवर माझ्या रानात काडी लागणार न्हाई." अप्पा म्हणाले म्हटल्यावर बाकीच्यांनाही मान डोलवावी लागली. त्या आठवड्यात कुट्टीच्या यंत्रासाठी भांडणं झाली.

त्याला आता बरेच दिवस झाले. काल सकाळी परसातल्या भिंतीवरून डोकावलो, तर वहिनी आरसा धरून उभ्या आणि सुभेदार ओठावर साबण घासतायत.

"सुभेदार, आता तरी वाढवा की."

"गप बस रं," ते वस्तरा परजत म्हणाले, "अप्पांचा खोडव्याचा ऊस अजून तुटायचाय."