आत्याच्या तबकड्या

"आईला भास व्हायला लागलेत. रविवारी येतो आणि तिला मुंबईला घेऊन जातो," फोनवर दादा म्हणाला. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. त्याची आई, माझी आत्या, पाचाडला एकटी राहते, भातशेती करते आणि कुणाचं ऐकत नाही.

झालं होतं एवढंच, की सकाळी तिला भातावर तीन चकचकीत उडत्या तबकड्या दिसल्या. तिने मोबाइलवर एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर मीही आहे. शेजारीण धावत आली तेव्हा तिथे काहीच नव्हतं. गावाला आयता विषय मिळाला. तबकडीवाल्यांना चहा विचारलास का, इथपर्यंत थट्टा गेली.

मला संताप आला. महाडच्या माझ्या दुकानात मी लग्नाचं शूटिंग एडिट करते. कॅमेऱ्याला भास होत नाहीत, एवढं मला नक्की कळतं. आत्या खोटं बोलत नाही हे मी रविवारच्या आत दाखवून देणार होते.

आधी मागच्या डोंगराची कड धरून हलतं चित्र स्थिर केलं. मग एकेक फ्रेम बघत गेले. उडणारी वस्तू निघून जाते. या तिन्ही तबकड्या थोड्या सरकत आणि परत जागेवर येत. म्हणजे टांगलेल्या होत्या. पुढे एकीवर इंद्रधनुष्याचे रंग फाकले आणि मी टेबलावर हात आपटला. सीडी! पाखरं घालवायला शेतात बांधतात त्या. कुणीतरी बांधल्या असणार, वाऱ्याने सुटून भातात पडल्या असणार. दादाला सांगायला मी फोन उचललासुद्धा.

पण खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही, ही माझी खोड. चित्र आणखी मोठं केलं. वर दोरी नव्हती, हिरव्या साडीची चिंधी होती, पिवळ्या काठाची, दुहेरी गाठ मारलेली. ती साडी आत्या माझ्या हळदीला नेसली होती. ते शूटिंग मीच एडिट केलं होतं. आणि हल्ली सगळ्यांना पेनड्राइव्ह लागतो, म्हणून उरलेल्या सीडींची पिशवी गणपतीत मीच तिला दिली होती.

सीडी आत्याने स्वतःच बांधल्या होत्या आणि ती ते विसरली होती.

मला रडू आलं. व्हिडिओ पुसून टाकावा असंही वाटलं. पण मी दुकान बंद केलं आणि पाचाडची एसटी पकडली. सीडी भातात पडलेल्या होत्याच. बांधावरूनच दादाला फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं.

"म्हणजे न्यायलाच हवं," तो म्हणाला.

"नाही. तिला भास होत नाहीत, ती विसरते. विसरण्यावर मुंबई हे औषध नाही. दर शनिवार-रविवार मी इथे येऊन राहीन. आधी भात कापून होऊ दे, मग दोघं मिळून डॉक्टरकडे नेऊ."

दर शनिवारी नक्की येशील ना, एवढं त्याने विचारून घेतलं. मग "बरं" म्हणाला.

आत्या ओट्यावर वाट बघत होती. "काय गो, का तूपण मला येडी म्हणायला आलीस?"

"सीडी होत्या, आत्या."

"कोणी बांधल्या?"

"मी. मागे आले होते तेव्हा."

"मग सांगायचं नाय काय? गावात माझं हसं झालं!" तिने मला मनसोक्त झापलं. मी ऐकून घेतलं आणि ग्रुपवरही तेच लिहिलं, की सीडी मी बांधल्या.

चहा झाल्यावर ती मला शेतात घेऊन गेली. "तुझी गाठ कच्ची हाय, म्हणून पडल्या. बघ, अशी मारायची." चिंधी उचलून तिने न बघता दुहेरी गाठ मारली, फ्रेममध्ये दिसली होती तीच.