दिवसाढवळ्याचा दिवा

बारामतीच्या पेठेत राजमहंमद पिंजाऱ्याने भर बारा वाजता दुकानाच्या उंबऱ्यावर तेलाचा दिवा लावला. लख्ख उन्हात ज्योत दिसेना, तिच्यावरची हवा तेवढी थरथरत होती. तो स्टुलावर बसून त्या थरथरीकडे पाहत राहिला.

त्याचा सगळा जन्म कापसात गेला. पिंजायच्या धनुष्यावर टोला पडला की कापूस उडे, उन्हाच्या तिरिपेत तरंगत राही. लहानपणी त्याला वाटे, ढग आपल्याच घरात तयार होतात आणि मग वर जातात. साठी आली तरी हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. पुढे फोमच्या गाद्या आल्या. त्यानेही कर्ज काढून दुकान फोमने भरलं आणि तिथंच फसला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे तो गिऱ्हाइकांना सांगत असे. स्वतःला सांगायचं राहून गेलं.

कोर्टाचा कागद लेकीने, शबीनाने, वाचून दाखवला होता. "अब्बा, बँकरप्सी म्हंजी आपल्याकडं फेडायला काय उरलं न्हाय, हे कोर्टानं मान्य केलं. आता दारात येऊन कुणी वरडायचं न्हाय. मालाचा लिलाव हुईल, पैसं समद्यांना वाटत्याल."

"समद्यांना?"

"कागदात नाव हाय त्यांना."

कागदात सिंधुबाईचं नाव नव्हतं. कन्हेरीच्या या म्हातारीने नातीच्या लग्नातल्या गाद्यांसाठी पदराची गाठ सोडून अकरा हजार दिले होते, तेही चिठ्ठीचपाटीशिवाय. वकील म्हणाले, पावती नाही तर सोडून द्या. लग्न आठ दिवसांवर आलं होतं. कोर्टाने सोडलं, पण तिला तोंड कसं दाखवायचं, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना.

बाप सांगायचा, पूर्वी ज्याचं दिवाळं निघे तो व्यापारी दिवसाढवळ्या दुकानात दिवा लावून बसे. या, पाहा, लपवलेलं काही नाही. राजमहंमदला कागदापेक्षा ही रीत बरी वाटली. कागद फक्त नावं असलेल्यांशीच बोलतो.

पण पेठ ती रीत केव्हाच विसरली होती. समोरचा मोबाइलवाला अविराज हार घेऊन धावत आला. "चाचा, नवीन शोरूम? सांगायचं तरी!" कुणी नारळ ठेवला. एका बाईने उद्घाटनाची सूट किती टक्के, असं विचारलं. राजमहंमदला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. माणसाला धड बुडूही देत नाहीत हे लोक!

ऊन कलल्यावर सिंधुबाई आली. तिने दिवा पाहिला, चपला काढल्या आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसली. तिला काही सांगावं लागलं नाही.

"कवा जानार समदं?"

"सोमवारी लिलाव हाय, मावशी. तुमचं नाव कागदात न्हाय. पावती न्हवती."

"मी मागितली व्हती व्हय पावती?"

त्याची मान वर होईना. म्हातारी कोपऱ्याकडे पाहत होती.

"त्ये धनुष्य बी जानार?"

"न्हाय. कारागिराचं हत्यार म्हणून सोडलंय."

"मग रडतोस कशाला? घरी चार जुन्या गाद्या हायत, कापूस निस्ता दगड झालाय. उद्या सकाळी ये." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "आन् त्यो दिवा मालव. त्याल वाया जातंय."

दुसऱ्या दिवशी कन्हेरीत लिंबाखाली धनुष्याची तार घुमू लागली. दगड झालेला कापूस फुटला, फुलला, उडाला. अंगण पांढरं झालं. होणारी नवरी संस्कृती केसांतला कापूस झटकत हसत उभी होती.

"एवढा कुठून आला हो चाचा?"

राजमहंमदने टोला थांबवला. वर पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"पोरी," तो म्हणाला, "ढग असंच तयार हुत्यात."