सहदेव मिस्त्रीने परत बसवलेला बिघाड

अकोल्याच्या जुन्या शहरात सहदेव मिस्त्रीचे दुकान आहे. गिऱ्हाईक आत आले की मिस्त्रीला बाहेर यावे लागते, एवढे ते ऐसपैस. आमच्या मोर्च्यांचे भोंगे इथूनच बोलते होऊन निघतात, म्हणून खात्रीने सांगतो, या माणसाने बत्तीस वर्षांत एकही वस्तू बिघाड ठेवून परत दिलेली नाही. दिली म्हणणाऱ्याने माझ्यासमोर यावे. आयटीआय नाही, डिप्लोमा नाही. लोकांचे रेडिओ खोलून खोलून शिकला.

मागच्या कार्तिकाच्या आधी बाळापूरकडचे नत्थुजी एक खोका घेऊन आले. नत्थुजींची झेंडू-शेवंतीची बाग आहे, आणि ते भजनात इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. अमरावतीचा एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा गिटार आणि तिचा विलायती अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी स्वस्तात उचलला होता. तोच हा खोका, काचेच्या व्हॉल्व्हचा, साठ वर्षे जुना.

"आवाज मधातच बसते," नत्थुजी म्हणाले. "आठ दिवसांनी कौंडण्यपूरच्या यात्रेत स्पर्धा हाये. आमच्या बाईनं जनम सारा ओसरीवर गायलं. पयल्यांदा स्टेजवर चढून राहिली. तिची फजिती नाही झाली पाहिजे."

मिस्त्रीने जीव ओतला. जळालेल्या तारा बदलल्या, वाळलेले कंडेन्सर काढून नवे टाकले, स्पीकरला नवा पडदा बसवला, अर्थिंगची वायर दिली. चौथ्या दिवशी नत्थुजी आणि त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई गिटार घेऊन तो न्यायला आले. मी तिथेच होतो. गिटारच्या तारेला बोट लागले की घंटेसारखा आवाज यायचा, आणि बोट उचलले की शांत.

मनकर्णाबाईंनी खोक्याला कान लावला. "सुरू करा ना, मिस्त्री."

"सुरूच हाये, बाई."

"मंग घूं कुठी हाये?"

भानगड अशी होती. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या भजनी मंडळाचा पेटीवाला वारला. तेव्हापासून खोका सुरू केला की जी सारखी घूं यायची, तिच्यावर नत्थुजी तारा लावायचे, तबला लागायचा आणि बाई सा धरायच्या. एका बिघाडाला सगळे मंडळ तानपुरा समजून गात होते, आणि चांगले गात होते.

मिस्त्रीचा चेहरा लाल झाला. "बत्तीस वर्षं मी लोकायच्या मशिनीतली घूं काढून राहिलो. बसवून देत नसतो."

"तुमी काढली, तुमीच परत बसवा. ठेवली कुठी?"

"ठेवली? ते काय दात हाये, काढून पुडीत बांधाले?"

"फेकली मंग? काहून? मले इचारलं होतं?"

मी म्हटलं, मोबाईलवर तानपुरा मिळतो. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा सांगायला निघालो. "भजनात मोबाईल वाजला त देव म्हणन, पाह्य बाप्पा, कोनाचा फोन आला."

खोका दुकानातच राहिला, आणि दोन दिवस मिस्त्री जेवला की नाही माहीत नाही. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच फोन करून बाईंना बोलावले, स्टुलावर बसवले आणि भंगाराच्या बादलीतून आपणच फेकलेले, घूं करणारे कंडेन्सर शोधून एकेक जोडू लागला.

"ही नाही."

दुसरा जोडला.

"पातळ हाये."

पाचव्याला बाईंनी डोळे मिटले. "ही आमची."

मिस्त्रीने त्या घूंला वेगळे बटन दिले. इकडे केले की साफ, तिकडे केले की घूं. "पण दुकानाचं नाव सांगू नका," तो म्हणाला. तरी स्पर्धेला तो माझ्यासोबत आलाच.

कौंडण्यपूरला भर दुपारी मंडळ स्टेजवर बसले. घूं सुरू झाली, बाईंनी सा लावला आणि लाईन गेली. आयोजकांनी जनरेटर लावला. घूं परत आली, पण वर चढलेली. जनरेटर जोरात फिरला की घूं चढते, हळू फिरला की उतरते, हे मला तेव्हा कळले. बाई प्रामाणिक, त्याही चढल्या. मग जनरेटरवाल्याने डिझेल वाचवायला वेग कमी केला. घूं उतरली, बाई उतरल्या, नत्थुजी खुंट्या पिळत मागून उतरले. परीक्षक एकमेकांकडे पाहू लागले. लोक हसले. बाईंचा सा सुटला.

मिस्त्री मांडवामागे पळाला. जनरेटरवाल्याला मी बाजूला घेतले, कसे ते सांगत नाही. मिस्त्रीने कान स्टेजकडे केला आणि अंगठा वेगाच्या दांड्यावर ठेवला. केसभर पुढे, केसभर मागे. घूं जागेवर आली. बाईंनी पुन्हा सा धरला, तो शेवटच्या ओळीपर्यंत सोडला नाही. अकरा मिनिटे मिस्त्री धुरात खोकला दाबून उभा होता. खोकला असता तर अंगठा हलला असता.

परीक्षकांनी विचारले, "सूर पक्का होता. पेटीवाला कुठे आहे?"

"मांडवामांगं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "डिझलवर हाये."

तिसरा नंबर आला. साथीदारांच्या यादीत बाईंनी 'सूर: सहदेव मिस्त्री' असे लिहून घेतले आणि टाळ्या पडत असताना त्याला हाताला धरून स्टेजवर ओढले. तो काजळीने काळा झाला होता. निकालाच्या कागदावर तिसरा नंबर वाचून त्याने तोंड वाकडे केले.

"पयला नंबर होता," तो म्हणाला. "दोन मिनिटं त्या डिझलचोरानं घालवली."