मिशनच्या खिडकीतली फुलवाली

माह्या बायकोचा एकबी फोटो नाई. कौंडण्यपूरच्या जत्रेत फोटोवाला पडदा टांगून बसे. फुलं विकून झाली की मी म्हणो, चाल, काढू. तर ती म्हणे, "आपल्या दोघाईचं थोबाड कोण पाहून राहिलं? चाला, गाडी जुपा."

आता ती गेली. दिवाळीच्या तोंडावर गेली. अहेव गेली, भाग्याची होती, असं लोक म्हणतात. भाग्य तिचं, माहं काय? अकोल्याच्या जुन्या शहरात ओट्यावर बसून डोळे मिटले की तिचे हात दिसत, चालणं दिसे, तोंड मात्र येईना. सारा जन्म सोबत काढला अन् तोंड येईना! मले माहाच राग ये.

मंग आठवलं, एक चित्र हाय. अमरावतीले.

नव्या लग्नाचे दिवस होते. अमरावतीच्या बाहेर आमी एक मळा बटईनं, अर्ध्या वाट्यानं, करत होतो. शेवंती, झेंडू, गुलाब. वऱ्हाड तवा मध्यप्रांताले जोडलेलं, मोठा साहेब नागपूरले बसे. आमाले त्याचं काय? फुलं आपल्या देवळातबी जात अन् मिशनच्या बंगल्यातबी जात. रोज सकाळी टोपली घेऊन हीच जाये.

तिथल्या पादरीसाहेबाची मडम चित्रं काढे. त्यांच्या देवळात रंगीत काचेची खिडकी बसवायची होती. खिडकीत त्यांच्या धर्मातली एक संतीण, फुलाफळांची टोपली घेऊन उभी. चित्र इथं काढायचं, अन् त्यावरून विलायतेचे कारागीर काचा कापून शिशाच्या पट्ट्यांनी जोडणार. मडमेनं हिले टोपली कमरेवर घेऊन येताना पाहिलं अन् म्हणे, "बस, यही है."

मी सोबत जाऊन वरांड्यात बसो. मडम घडीघडी ओरडे, "बाई, हिलो मत!" अन् ही म्हणे, "माशी बसली वो नाकावर, तिले सांगा!"

चित्र माणसाएवढं झालं. तोंड हुबेहूब हिचं. पण गळ्यावरून, मनगटावरून जाड काळ्या रेघा. ही म्हणाली, "माही मान काहून कापली?" मडमेनं समजावलं, एका रंगाची एक काच, अन् दोन काचा जिथं भेटतात तिथं शिसं, तीच ही रेघ. ते हिले पटलं. मंग हिचं ध्यान कपाळाकडं गेलं. कपाळ पांढरं.

टोपली दाणकन खाली आली. "माहा नवरा हा समोर बसून राहिला, चांगला खाऊन-पिऊन, अन् माह्या कपाळाले कुंकू नाई? पुसा ते तोंड!"

मडम घाबरली. म्हणे, "ये तुम नहीं, ये संत है. संत को टीका नहीं होता."

"तोंड तर माहं हाय!"

मी म्हटलं, "जाऊ दे ना वं, कागद हाय." तर माह्यावरच आली, "तुमाले मरायची हौस असंन, मले रांडपणाची नाई."

काही दिवस मिशनमधे फुलंबी नेली नाईत. मंग एका सकाळी आपल्याच मनानं गेली, जागेवर उभी राहिली अन् पदर भुवयांपर्यंत खाली ओढला. "आता काढा. खाली काय हाय ते मले ठाऊक." मडम लय हसली. तिनं कपाळ झाकून टाकलं, अन् भुवयांवर पदराची एक जाड काळी रेघ आली.

मडमेनं त्याची नक्कल विलायतेले धाडली. काच येईपर्यंत म्हणून मोठा कागदच तेल लावून खिडकीले चिकटवला. सकाळचं ऊन आलं की टोपलीतले गुलाब पेटल्यावानी दिसत. ही दारातूनच पाहे अन् म्हणे, "बरी दिसून राहिली मी." मंग मोठी लढाई लागली, जहाजं अडली. काच आली नाई. मडम तिच्या देशात गेली, आमी मळा सोडून अकोल्याले आलो.

आता परत गेलो तर पादरी नवा, गोरा नाई, आपल्या मुलखातलाच माणूस. म्हणे, "काय पाहिजे बाबा?"

म्हटलं, "माही बायको पाहाची हाय."

तो मले पाहतच राहिला. मी खिडकीकडं बोट केलं.

इतक्या वर्षांच्या उन्हानं सारं खाल्लं होतं. लाल गेलं, पिवळं गेलं, तोंड गेलं. कागद बिडीच्या पानावानी झालेला. राहिल्या त्या काळ्या रेघा. मी बाकावर बसलो अन् रडलो. पादरी जवळ येऊन बसला. म्हणे, "घेऊन जा बाबा. काच आता काय येते?"

त्यानंच हलक्या हातानं कागद सोडवून देला. गुंडाळी मांडीवर धरून घरी आलो अन् कागद उगवतीच्या खिडकीवर लावला. सुनेनं जवळ जाऊन पाहिलं. "मामाजी, इथं तर तोंडच नाई."

"पदर पाय. टोपली कशी धरली ते पाय."

तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "अवो माय, सासूबाईच हायेत!"

मीबी पदराच्या त्या रेघेकडं पाहून राहिलो होतो. अन् रेघेखाली ती आली. हसरी नाई, टोपली आपटली तवाची, नाकपुड्या फुगलेली, माह्यावर धावून येणारी.

सून देवाजवळचा करंडा घेऊन आली. बोट कुंकवात बुडवून तिनं कागदाकडं नेलं.

म्हटलं, "राहू दे. तिनं लावलं हाय. पदराखाली हाय."