आलापल्लीच्या चौकातली मतं

आलापल्लीच्या चौकात माझी पेपरची एजन्सी आहे. सकाळी चंद्रपूरकडून येणाऱ्या गाडीतून गठ्ठे उतरतात, आणि गठ्ठ्याची सुतळी तुटायच्या आत लोकांची मतं सुटतात. निवडणूक, देवधर्म, वाघ, कोर्ट, कशावरही. पेपर दुपारपर्यंत शिळा होतो. पण कधी कधी मत देणाऱ्याच्या अंगावर तीच बातमी चालून येते, आणि असे किस्से रद्दीत देता येत नाहीत. साचत जातात.

बसणारी माणसं ठरलेली. हायस्कूलात विज्ञान शिकवून रिटायर झालेले रामटेके सर. धानाची शेती करणारे, भजन मंडळाचे म्होरके देवाजीभाऊ. आमचा तलाठी गेडाम. आणि सरांची मुलगी प्रज्ञा. ती वकील आहे, कोर्टात जाताना स्कूटी उभी करते, थोडं भांडते आणि निघून जाते.

*

एका हिवाळ्यात बातमी आली, सरपणाला गेलेल्या बाईला वाघानं मारलं. देवाजीभाऊ म्हणाले, वाघ म्हणजे देव, कुठंतरी कोप झाला असेल. सरांनी त्यांना तिथंच थांबवलं. कोप वगैरे काही नसतं, ते म्हणाले. खाली वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, ताठ चालणाऱ्याच्या वाटेला तो सहसा जात नाही. सर स्वतः रोज सकाळी सागवानातल्या रस्त्यानं फिरायला जायचे. "आणि मी काही वाकत नाही," असं म्हणून ते छान हसले.

वनखात्यानं त्या रस्त्यावरच्या झाडांना कॅमेरे बांधले. थोड्याच दिवसांनी एक वनरक्षक चौकात आला. सरांचा जुना विद्यार्थी. त्यानं सरांना बाजूला घेतलं आणि मोबाइलवर फोटो दाखवला. आम्ही मागून डोकावलोच. धुकं, सागाची झाडं, आणि मफलर गुंडाळून ताठ चालणारे सर. पुढचा फोटो त्याच जागेचा. तेच धुकं, आणि वाघ.

"किती वेळानं?" सरांनी विचारलं.

"लगेच, सर."

मग त्यानं दुसऱ्या सकाळचे फोटो काढले. सर, मागून वाघ. तिसऱ्या सकाळचे. सर, मागून वाघ.

"रोजच आहे, सर," तो खाली मान घालून म्हणाला.

देवाजीभाऊंनी हात जोडले. सरांचं फिरणं त्या दिवसापासून बंद झालं. पुढच्या आठवड्यात तो वनरक्षक पुन्हा आला. वाघ अजून त्याच वेळेला येतो म्हणाला, फक्त आता पुढं जात नाही, वळणावर बसून राहतो.

सरांनी विचारलं, तोंड कुठं करून?

"गावाकडं, सर."

आता वाघाची बातमी आली की सर पान उलटतात.

*

निवडणुकीच्या आधी एटापल्लीकडं नक्षल्यांचे बहिष्काराचे बॅनर लागल्याची बातमी होती, शाईचं बोट दिसलं तर तोडू असे. लोक भीतीनं मत देत नाहीत, असं एकाचं म्हणणं. पटत नाही म्हणून देत नाहीत, असं दुसऱ्याचं. आणि नाही दिलं तर पोलीस विचारतात, असं तिसऱ्याचं. गेडामची ड्युटी नेमकी तिकडच्याच एका आतल्या गावात लागली. परत आल्यावर त्यानं आम्हाला हे सांगितलं.

सकाळी केंद्र उघडलं तर गावात माणूस नाही. चुली गरम, कोंबड्या अंगणात फिरतायत. एका घरात झोळी हलत होती आणि झोळीत पोर नव्हतं. म्हणजे आत्ताच कोणीतरी उचलून नेलं असणार. गेडाम स्वतः गोंड. त्यानं जंगलाकडं तोंड करून गोंडीत हाका मारल्या. आतून काहीच आलं नाही.

दुपार कलली आणि झाडांमधून अख्खं गाव बाहेर आलं. एका ओळीत, म्हातारे पुढं. कोणी बोलत नव्हतं, लेकरू रडत नव्हतं. मत दिलं, शाई लावून घेतली, आणि आले त्याच वाटेनं परत जंगलात.

सगळ्यांच्या मागं एक म्हातारा होता. गेडामनं त्याला विचारलं, बाबा, सकाळी काऊन नाई आले? म्हातारा आपल्या बोटाकडं पाहत गोंडीत जे म्हणाला, ते गेडामनं आम्हाला आपल्या बोलीत सांगितलं. "शाई लागली तरी बोट दिसते. नाई लागली तरी बोट दिसते."

गेडाम सांगत होता तेव्हा आमच्याही बोटांवरची शाई ताजीच होती.

*

एकदा पुरानं रस्ता बंद झाला आणि पेपर आलाच नाही. मोबाइलचं नेटवर्कही गेलेलं. तरी सगळे सवयीनं येऊन बसले. चहा झाला. कोणाला कशावरच काही म्हणायचं नव्हतं. आम्ही एकमेकांकडं पाहत राहिलो, अनोळखी माणसं एसटीत पाहतात तसं. थोड्या वेळानं देवाजीभाऊ म्हणाले, "आज जंगल लय जवळ आल्यासारखं वाटून राह्यलं." आणि सगळे एकदमच उठलो.

*

देवाजीभाऊंचा विषय म्हणजे परलोक. कुठल्यातरी बाबाला मेलेली माणसं दिसतात अशी बातमी आली की सर चिडायचे. देवाजीभाऊ शांतपणे म्हणायचे, "सर, तुमाले दिसत नाई म्हणून तिकडं काई नाई, असं कसं?" भजनातही ते हेच सांगायचे. माणूस मरत नाही, तिकडं जातो. तिकडं सगळे भेटतात.

एका सकाळी मी गठ्ठा सोडला आणि निधनवार्तेत देवाजीभाऊंचा फोटो. नाव-गाव दुसऱ्याच माणसाचं होतं, फक्त फोटो यांचा लागला होता. मी पेपर लपवायच्या आत ते आलेच. वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, फोटो चांगला आला आहे.

दिवसभर त्यांच्याकडं माणसं आली. भेटायला म्हणून आलेली, पण दारातच थबकायची. जवळच्या नात्यातल्या एका बाईनं त्यांच्या हाताला बोट लावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी चुकीची दुरुस्ती छापून आली, आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात. फोटो पाहिलेल्या किती जणांनी ती वाचली असेल, सांगता येत नाही.

त्यानंतर देवाजीभाऊ एटापल्लीच्या बाजारात गेले होते. भर दुपार, माणसांची गर्दी. मोहफुलं विकायला बसलेली एक म्हातारी त्यांना पाहून उठली. ओळख फारशी नव्हती, कधीतरी त्यांच्या भजनाला येऊन बसलेली. ती घाबरली नाही, ओरडली नाही. जवळ आली, त्यांची बाही धरली, आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "भाऊ, माहा पोरगा दिसला का जी तिकडं?"

तिचा पोरगा गेल्या वर्षी ट्रकखाली गेला होता, हे त्यांना नंतर कळलं.

आम्ही विचारलं, मग तुम्ही काय म्हणाले?

देवाजीभाऊंनी चहाचा कप बाजूला सरकवला. "म्या म्हटलं, दिसला. बरा आहे."

मग तिनं त्यांच्या पिशवीत ओंजळभर मोहफुलं टाकली आणि म्हणाली, आता जासाल तेव्हा त्याले द्या.

सरांनी त्या दिवशी वाद घातला नाही. देवाजीभाऊ भजनाला अजून बसतात, पण परलोकाचं आलं की टाळ खाली ठेवतात.

*

आता प्रज्ञाचं सांगतो. यात मी स्वतः सोबत होतो.

जादूटोण्याच्या संशयावरून एका म्हातारीला झाडाला बांधून मारहाण केल्याची बातमी होती. चौकात कधी नाही ते सगळ्यांचं एकमत झालं. सर चिडले, देवाजीभाऊ म्हणाले देवालाही हे चालत नाही. प्रज्ञा म्हणाली, कायदा आहे, पुरावा आहे, सुटत नाहीत ते. आणि ती त्या म्हातारीच्या, बुधाबाईच्या बाजूनं उभी राहिली.

केस चालली. बुधाबाईला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून विचारलं, तुम्हाला मारणारे यांच्यापैकी कोण? तिनं एकेका आरोपीकडं नीट, सावकाश पाहिलं. मग म्हणाली, "मले कोणी हात नाई लावला. मी पडलो होतो."

सगळे सुटले. प्रज्ञा कितीतरी दिवस चौकात थांबली नाही. तिला वाटलं, म्हातारीला धमकावलं असणार. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मला म्हणाली, भाऊ, चला माझ्यासोबत, मला तिच्या तोंडून ऐकायचं आहे.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन टळटळीत होतं. गावात सगळी दारं लावलेली. बुधाबाईची झोपडी शेवटाला, पण अंगण लख्ख सारवलेलं. सरपण रचून ठेवलेलं. दारात सुपानं झाकलेला तांदूळ. ती एकटी राहणारी, हात मोडलेला, तो वाकडाच जुळलेला. हे सगळं करतं कोण, असं मी मनात म्हणतोय तोवर एक माणूस डोक्यावर घागर घेऊन आला. मी त्याला ओळखलं. पेपरात आरोपींचे फोटो आले होते, त्यात पहिला हाच होता.

त्यानं रांजण भरला. मान वर केली नाही. मग म्हातारीला पाठ न दाखवता, मागं मागं सरकत अंगणाबाहेर गेला.

प्रज्ञानं विचारलं, "आजी, त्यांनी धमकी दिली होती का? त्यांना वाचवलं काऊन?"

"धमकी कायची?" बुधाबाई म्हणाली. "जेलात गेले असते तर हिसाब मिटला असता, बाई. त्यायचं भेव गेलं असतं. आता इथीच आहेत. मी काई करत नाई. सकाळी उठून त्यायच्या दाराकडं नुसती पायतो."

मग पाऊसपाण्याचं सांगावं तसं तिनं सांगितलं की एकाचा बैल मेला, एकाची सून माहेरी गेली ती परत आली नाही, आणि एकाची वाचा बसली आहे, डॉक्टरला काही सापडत नाही.

आम्ही निघालो. तिनं चपला घातल्या, अंगणाच्या कडेपर्यंत आली, आणि थांबली. सरांच्या घरात वाढलेली पोरगी, भूत-भानामती म्हटलं की हसणारी. ती परत फिरली, म्हातारीपुढं उकिडवी बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजी, तुम्हाला खरंच काही येते का?"

बुधाबाई तिच्याकडं पाहत राहिली. कोर्टात त्या लोकांकडं पाहिलं होतं तसं, नीट, सावकाश. मग बोळकं तोंड उघडून हसली.

"पाह्य," ती म्हणाली, "तूनं बी इचारलंच."