सासूबाईंनी तेलाची टाकी पुसली

मंडळी, आज हसून हसून पोट दुखलं!

सकाळी केलरमध्ये, म्हणजे इथल्या घराच्या तळघरात, हीटिंगच्या तेलाच्या टाकीचा काटा शून्यावर. टँकर सोमवारी येणार, म्हणून ह्यांनी हीटिंगच बंद केली. अकोल्याहून आलेल्या सासूबाई थंडीने कुडकुडायला लागल्या.

शेवटी त्याच ओलं फडकं घेऊन खाली उतरल्या. "सिलिंडर पुसून गॅस किती ते बघतो ना, तसं बघू."

मी ओरडले, "अहो आई, तेलाला ते चालत नाही!"

ऐकतात कुठल्या! खसाखसा पुसलं. ओल्याची रेघ काही उमटली नाही, पण धूळ निघाली आणि प्लास्टिकमधून आतलं तेल दिसलं. टाकी अर्धी भरलेली, काटाच मेला अडकलेला!

लगेच हीटिंग लावली. आता म्हणतात, "उकडतंय गं, खिडकी उघड."

उघडू का, सांगा!